नॅचरल राहून अंग किती भरतं? तालमीत आणि जिममध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी लोखंड उचलतोय, त्यातली अकरा वर्षं दुसऱ्यांना उचलायला शिकवतोय. नवीन आलेला मुलगा आधी आरशात बघतो, मग मोबाइलवरचा एक फोटो माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, "सर, असं व्हायला किती महिने?" त्यानंतरचे प्रश्नही ठरलेलेच असतात. दरवेळी सेटच्या मधल्या दीड मिनिटात अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलेलं बरं.

नॅचरल म्हणजे नक्की काय? प्रोटीन पावडर घेतली तर नॅचरल राहतो का?

राहता. व्हे प्रोटीन म्हणजे चीज करताना दुधातून जे पाणी निघतं, त्याची पावडर. जिममधली दुसरी नेहमीची पावडर क्रिएटिनची. क्रिएटिन मांस-मासळीत असतं आणि आपलं शरीरही ते तयार करतं. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. यातलं काहीच हार्मोन नाही. टेस्टोस्टेरॉन, त्याच्या जातीची स्टेरॉइड्स आणि ग्रोथ हार्मोन बाहेरून घेतलं की नॅचरलपण संपलं. "फक्त एकच कोर्स केला होता" हासुद्धा कोर्सच असतो.

तुम्ही सारखे सँडोचं नाव का घेता? तो तर बनियनचा प्रकार ना?

बनियनला ते नाव ज्याच्यावरून पडलं, तो हाच. आजोबा अंगात घालायचे ती बिनबाह्यांची पांढरी गंजी एका जर्मन पैलवानाच्या नावाने ओळखली जाते, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. युजीन सँडोचं मूळ नाव फ्रीड्रिख व्हिल्हेल्म म्युलर. जन्म १८६७ चा, प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी झिगफेल्ड नावाच्या चलाख माणसाने त्याला रंगमंचावर उभं केलं. लोक त्याने काय उचललं ते बघायला यायचे, पण टक लावून बघायचे ते त्याचं अंग. बॉडीबिल्डिंगला आपण खेळ म्हणतो त्याची सुरुवात तिथली आहे: वजन किती उचललं याच्याऐवजी शरीर दिसतं कसं, यासाठी लोक तिकीट काढू लागले.

मी त्याचं नाव घेतो ते मापासाठी. उंची साधारण ५ फूट ९ इंच, वजन ८० ते ८५ किलोच्या घरात. त्या काळात जगातलं सर्वांत देखणं शरीर म्हणून गाजलेला हा माणूस. आज तो शर्ट घालून तुमच्या जिममध्ये आला तर कुणी वळूनही बघणार नाही. शर्ट काढला तर मात्र सगळं जिम थांबेल.

पहिली स्पर्धा कधी झाली? तेव्हा नंबर कसे काढायचे?

मोठी म्हणावी अशी पहिली स्पर्धा १४ सप्टेंबर १९०१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोनेच भरवली. ब्रिटनभर जिल्ह्याजिल्ह्यांतून आधी निवड झाली होती. परीक्षक तिघं: स्वतः सँडो, चार्ल्स लॉज हा शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल. पहिला आला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे.

मला त्यातल्या गुणांची पद्धत फार आवडते. नुसता आकार मोठा म्हणून गुण नव्हते. सगळ्या अंगाची वाढ सारखी आहे का, प्रमाण नीट आहे का, स्नायू कसदार आहेत का, तब्येत कशी आहे, कातडी कशी आहे, हे सगळं बघायचे. कातडीला गुण! परीक्षकांत शिल्पकार का होता, हेही यावरून कळतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ग्रीक पुतळे होते. सँडो तर अंगाला पांढरी पावडर फासून पुतळ्यासारखा स्तब्ध उभा राहायचा.

पुढे अमेरिकेत बर्नार मॅकफॅडनने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशीच स्पर्धा घेतली. १९०४ उजाडता उजाडता तिचा निकाल लागला आणि अल ट्रेलोर जिंकला.

त्या लोकांनी औषधं घेतली नव्हती, हे इतक्या खात्रीने कसं म्हणता?

औषधच नव्हतं, म्हणून. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन तयार झालं १९३५ मध्ये. बुटेनांट आणि रुझिच्का या दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता. त्यामुळे १९३५ च्या आधी घडलेल्या शरीरांबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

तिथून पुढे चित्र हळूहळू गढूळ होत जातं. १९५४ मध्ये व्हिएन्नात वेटलिफ्टिंगची जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकी संघाचे डॉक्टर जॉन झिग्लर यांना तिथे कळलं, की रशियन लिफ्टर टेस्टोस्टेरॉन घेतात. १९५८ मध्ये सीबा कंपनीची डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळी अमेरिकेत बाजारात आली. इंजेक्शनची भीती असलेल्यांचीही अडचण मिटली. साठच्या दशकातले फोटो चाळा. मंचावरची माणसं दरवर्षी थोडी थोडी फुगत गेलेली दिसतात.

म्हणून माझा सोपा हिशेब असा: १९३५ च्या आधीचे निःशंक नॅचरल. १९३५ ते १९५८ चे बहुतेक नॅचरल असावेत, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही. त्यानंतरच्यांचं ज्याचं त्याने सांगावं.

स्टीव्ह रीव्ह्जसारखं शरीर नॅचरल राहून होईल का?

रीव्ह्ज १९४७ चा मिस्टर अमेरिका, १९५० चा मिस्टर युनिव्हर्स. उंची ६ फूट १ इंच, वजन ९७ किलोच्या आसपास. दंड, पोटरी आणि मान या तिन्हींचं माप सारखं असावं, हे त्याचं तत्त्व. आमच्यातले जुने लोक अजून त्याची शपथ घेतात आणि मला विचाराल तर बरोबर करतात.

पण रीव्ह्ज म्हणजे लाखात एक. रुंद खांदे, बारीक कंबर, लांब कॉलरबोन हे तो जन्माला येतानाच घेऊन आला होता. जॉन ग्रिमेकचंही तेच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेकडून वेटलिफ्टिंगमध्ये उतरला, १९४० आणि १९४१ मध्ये लागोपाठ मिस्टर अमेरिका झाला. ५ फूट साडेआठ इंचांवर ८८ किलो! ही आपल्या शर्यतीतली माणसं नव्हेत. त्यांचे फोटो भिंतीवर लावा, पण रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून स्वतःला त्यांच्याशी तोलू नका.

एफएफएमआय म्हणजे काय? तो २५ च्या वर गेला की माणूस औषधं घेतो, हे खरं का?

यावरून जिममध्ये सर्वांत जास्त भांडणं होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

एफएफएमआय म्हणजे फॅट-फ्री मास इंडेक्स: चरबी सोडून उंचीच्या मानाने अंग किती भरलंय, त्याचा आकडा. आधी गणित. शरीराच्या एकूण वजनातून चरबीचं वजन वजा करा. जे उरेल त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उदाहरण घ्या: उंची १.७० मीटर, वजन ७५ किलो, चरबी १२ टक्के. चरबी ९ किलो, म्हणजे उरले ६६. त्याला २.८९ ने भागलं की २२.८. मग उंचीची दुरुस्ती: १.८० मधून तुमची उंची वजा करून ६.१ ने गुणा आणि ते मिळवा. इथे ०.६ येतात. एकूण २३.४.

आता तो २५ चा आकडा आला कुठून? १९९५ मध्ये कौरी आणि सहकाऱ्यांनी १५७ खेळाडू तपासले. त्यातले ८३ स्टेरॉइड घेणारे, ७४ न घेणारे. न घेणाऱ्यांचा आकडा २५ च्या आसपास येऊन थांबत होता, घेणाऱ्यांतले बरेच त्याच्या पुढे होते. इथवर ठीक. पण त्याच अभ्यासात १९३९ ते १९५९ मधल्या २० मिस्टर अमेरिका विजेत्यांचाही अंदाज काढला होता. त्यांची सरासरी आली २५.४! म्हणजे ज्यांना आपण बहुतांशी नॅचरल समजतो, त्यांच्यातलेच बरेचजण ती रेषा ओलांडून उभे.

त्यात आणखी गोची अशी, की त्यांची चरबी कुणी मोजलेलीच नव्हती. फोटोंवरून ठरवली होती. रीव्ह्जचंच बघा. चरबी १२ टक्के धरली तर त्याचा आकडा २५ च्या आत राहतो, ८ टक्के धरली तर २६ च्या जवळ जातो. माणूस तोच, फोटो तोच. एका अंदाजावर तो साधू आणि दुसऱ्यावर चोर ठरतो.

म्हणून २५ ला लक्ष्मणरेषा समजू नका. २२ पर्यंत पोचलात तर चारचौघांत उठून दिसाल. २३-२४ ला बहुतेकांची दहा वर्षं जातात. २५ च्या वर नॅचरल माणसं असतात, पण मला प्रत्यक्ष भेटलेली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एखादा २७-२८ सांगत असेल आणि पोटाचे कट्सही दाखवत असेल, तर मी विषय बदलतो. अर्नोल्ड श्वार्झनेगर ऐन उमेदीत साधारण तेवढाच भरायचा आणि आपण स्टेरॉइड घेतली होती, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलंय.

माझी उंची ५ फूट ७ इंच. मी किती किलोचं लक्ष्य ठेवू?

प्रशिक्षकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: सेंटीमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करा. स्पर्धेसाठी पुरतं सुकवल्यावर, म्हणजे शिरा न् शिरा दिसतात अशा अवस्थेत, कसलेल्या नॅचरल माणसाचं वजन तेवढ्या किलोच्या आसपास येतं. १७० सेंटीमीटरला ७० किलो. वर्षभर जगता येईल अशा चरबीवर तोच माणूस ७५ चा असतो.

हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात. "सर, मी आत्ताच ८२ आहे!" आहेस रे, पण त्यातलं किती पोटावर आहे? ८२ वरून सुकत सुकत ७५ वर येताना लोक विचारतात, "आजारी आहेस का?" आणि त्याच महिन्यात पहिल्यांदा दंडावर शीर दिसते.

दंड १८ इंच होतील का?

चरबीसकट होतील. बारीक कंबरेवर, थंड अवस्थेत, आपल्या सर्वसाधारण उंचीच्या माणसाचा दंड १५-१६ इंच झाला की तो शर्टाच्या बाहीतून कळतो. व्यायाम संपल्यावर रक्त भरलेलं असताना मोजलं तर अर्धा-पाऊण इंच फुकटात मिळतो. जुन्या पैलवानांची छापलेली मापंही अशीच आहेत. त्यांचे मॅनेजर टेपपेक्षा जाहिरातीवर जास्त विश्वास ठेवायचे, त्यामुळे इंचांच्या बाबतीत त्या काळच्या आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नका.

पहिल्या वर्षात किती स्नायू वाढतात?

सगळं नीट झालं तर पहिल्या वर्षी ९-१० किलो, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे, तिसऱ्या वर्षी आणखी निम्मे, असं प्रशिक्षक धरून चालतात. आपल्याकडच्या किडकिडीत, मेसवर जेवणाऱ्या पोराने पहिल्या वर्षी ६ किलो मिळवले तरी मी त्याची पाठ थोपटतो. पाचव्या वर्षानंतर वर्षाला किलोभर मिळाला तर तो बोनस.

जुन्या फोटोंत खांदे आणि पाठ भक्कम, पण छाती सपाट का दिसते?

चांगली नजर आहे. कारण बाकावर झोपून दांडा ढकलण्याची पद्धत तेव्हा रुळलीच नव्हती. तेव्हाची मर्दुमकी म्हणजे वजन डोक्यावर नेणं. आर्थर सॅक्सन हा जर्मन गडी एका हाताने, अंग कलवत कलवत, १६८ किलो डोक्यावर न्यायचा. अशा कामात खांदे, पाठ, कंबर बनतात, छाती मागे राहते. शिवाय फुगलेली छाती त्यांना शोभेची वाटायचीच नाही. बेंच प्रेस घराघरात पोचला तो चाळीस-पन्नासच्या दशकात, आणि त्यानंतरच्या फोटोंत छाती दिसायला लागते. म्हणजे छाती वाढली म्हणून लगेच औषधाचा संशय घ्यायचा नाही. थोडं श्रेय बाकाला द्या.

प्लेटा घालून वजन वाढवता येईल असे बारबेल तरी कुठे सहज मिळायचे? ॲलन काल्व्हर्टने फिलाडेल्फियात १९०२ मध्ये मायलो बारबेल कंपनी काढली आणि ते विकायला सुरुवात केली.

औषधाने असा काय एवढा फरक पडतो? मेहनत तर तेही करतात.

करतात, कुणी नाकारत नाही. पण १९९६ चा एक प्रयोग ऐका. भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांचे चार गट केले. काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना नुसतं तेलाचं इंजेक्शन. दोन्हींतले निम्मे वजनं मारणार, निम्मे काहीच करणार नाहीत. मुदत दहा आठवडे.

नॅचरल राहून व्यायाम करणाऱ्यांचं चरबी वगळून वजन साधारण २ किलोने वाढलं. औषध आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलोंनी. आणि औषध घेऊन घरी बसलेल्यांचं? ३ किलोंनी. सोफ्यावर बसलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. तुमच्या शेजारच्या बाकावरचा पोरगा चार महिन्यांत शर्ट फाडायला लागला आणि तुम्ही तिथल्या तिथेच, तर तुमची मेहनत कमी पडली असा अर्थ दरवेळी होत नाही.

मी एकवीस वर्षांचा असताना मला हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. माझ्या पहिल्या जिममधल्या ट्रेनरने वर्षभर मला "तू खातच नाहीस" म्हणून झापलं. मी पहाटे उठून कच्ची अंडी गिळायचो. तो स्वतः काय घेत होता, ते बाथरूमच्या खिडकीत सापडलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या अँप्यूलने सांगितलं.

खुराक किती? थंडाई, बदाम, तूप लागतंच का?

पैलवान पहाटे उठून हजारभर जोर-बैठका काढतो, मग लाल मातीत दोन तास झुंजतो. त्याला तूप पचतं. आपण खुर्चीत बसून काम करतो आणि संध्याकाळी तासभर जिमला जातो. त्याचा नुसता खुराक उचलला तर अंगी लागतं, पण भलतीकडे.

वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅम प्रथिनं बहुतेकांना पुरतात. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. घरच्या स्वयंपाकात ते असं बसतं: चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २६, आमटी किंवा मटकीच्या उसळीतून १३, पोळ्या-भाकऱ्यांतून २०-२१, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ४. झाले की जवळजवळ! मासळी किंवा चिकन असेल त्या दिवशी वड्यांना सुट्टी. सोयाने पुरुषाला बाईपण येतं वगैरे ऐकलं असेल, ते सोडून द्या.

आपल्याकडे त्या काळी कुणी होतं का?

होतं तर! सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. पण त्याचं लोण इथे आधीच पोचलं होतं. साताऱ्याकडच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं नेमाने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढचं आयुष्य त्याच्या प्रसारात घातलं. सूर्यनमस्काराचा एवढा मोठा पुरस्कर्ता आधी डंबेलवाला होता, हे सांगितलं की लोकांना पटत नाही.

बंगालमध्ये मनतोष रॉय यांनी १९५१ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात बाजी मारली आणि पुढच्याच वर्षी मनोहर आइच यांनी. आइच यांची उंची ४ फूट ११ इंच. इंग्रजांच्या तुरुंगात असताना त्यांनी व्यायामाचा ध्यास घेतला. २०१६ मध्ये गेले तेव्हा वयाची शंभरी ओलांडली होती. उंची कमी आहे म्हणून रडणाऱ्या पोरांना मी त्यांचा फोटो दाखवतो.

मुलींनी वजनं उचलली तर त्या पुरुषांसारख्या दिसतील का?

नाही. तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं. चाळीसच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मसल बीचवर पजी स्टॉक्टन भल्याभल्यांना डोक्यावर धरायची. तिचे फोटो बघा आणि निवांत व्हा.

अमुक हिरो किंवा अमुक इन्फ्लुएन्सर नॅचरल आहे का?

मला माहीत नाही आणि फोटोवरून कुणालाच कळत नाही. मीही या खेळात बरेचदा फसलोय. पाणी पिणं बंद ठेवणं, वरून पडणारा प्रकाश, शॉटच्या आधी वीस जोर, हे सगळं असतंच. एवढंच बघा, की तो तुम्हाला काही विकतोय का.

मी आधीच एक कोर्स केलाय. आता काय?

डॉक्टरकडे जा. जिममधल्या दादाकडे नाही, एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. कुणाला लवकर पूर्वपदावर येता येतं, कुणाला फार वेळ लागतो. गोळ्यांचा ताण यकृतावर येतो, चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं. छातीला गाठ जाणवत असेल तर लाजू नका, दाखवा. ट्रेनरने दिलेली "कोर्सनंतरची गोळी" स्वतःच्या मनाने सुरू करू नका. काय घेतलं, किती घेतलं, ते डॉक्टरला खरं सांगा. तो तुमच्या आईला सांगायला जाणार नाही.

तुमचं स्वतःचं माप काय, सर?

हा प्रश्न नेहमी सर्वांत शेवटी आणि जरा हळू आवाजात येतो. उंची १६८ सेंटीमीटर. सुरुवातीला ५२ किलो होतो, आता ७१-७२ च्या मध्ये. चरबी १३-१४ टक्के असावी, म्हणजे एफएफएमआय साडेबावीसच्या आसपास. दंड सव्वापंधरा, सकाळी चहाच्याही आधी, शिंप्याकडून आणलेल्या टेपने मोजलेला. ती टेप अकरा वर्षं जुनी आहे. सुरुवातीचा पाव इंच झिजून गेलाय, म्हणून मी एकवरून मोजायला सुरुवात करतो आणि शेवटी एक वजा करतो. मागच्या महिन्यात एका पोराने हे वजा करायचं विसरून स्वतःचा दंड साडेसोळा असल्याचं सगळ्या जिमला सांगितलं.